मैदान विद्यापीठाचे, थैली कोणाची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आज एका शिक्षेच्या गोष्टीने सुरुवात करतो.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, डॅलस शहरात, सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी नावाचे खासगी विद्यापीठ आहे. ‘एसएमयू’ या आद्याक्षरांनीच ते ओळखले जाते. १९८७च्या फेब्रुवारीत या विद्यापीठाला शिक्षा झाली. त्या वर्षी त्याच्या फुटबॉल संघाने एकही सामना खेळायचा नाही! अपराध असा, की एका श्रीमंत चाहत्याने दिलेल्या पैशातून १३ खेळाडूंना दरमहा काही डॉलर गुपचूप पोचवले जात होते. सगळी मिळून रक्कम होती सुमारे ६१ हजार डॉलर. क्रीडाजगताने या शिक्षेला ‘देहदंड’ असेच नाव दिले. विद्यापीठाने १९८८चा हंगामही स्वतःहून सोडून दिला. पुढे उघड झाले, की टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांना हे सारे ठाऊक होते. ते पूर्वी याच विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते आणि ठरलेले पैसे देत राहण्याला त्यांनी संमती दिली होती. तशी कबुली त्यांना द्यावी लागली. संघ मात्र पुढची वीस वर्षे डोके वर काढू शकला नाही.

आता त्याच विद्यापीठाची अलीकडची हकीकत. २०२२ साली देणगीदारांच्या एका मंडळाने जाहीर केले, की फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉल संघांतल्या खेळाडूंना आम्ही प्रत्येकी वर्षाला ३६ हजार डॉलर देणार. म्हणजे दोनच खेळाडूंची रक्कम त्या जुन्या ६१ हजारांच्या पुढे गेली. कोणी चौकशी लावली नाही. २०२३मध्ये विद्यापीठाला एका मोठ्या स्पर्धागटात प्रवेश मिळाला. अट अशी होती, की नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातला वाटा मागायचा नाही. ही तूट भरून काढायला देणगीदारांनी आठवडाभरात सुमारे १० कोटी डॉलर उभे केले. आपल्या हिशेबाने साडेआठशे कोटी रुपयांच्या वर! २०२४च्या हंगामात हा संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शेवटच्या बारांत जाऊन बसला आणि सगळीकडून अभिनंदनाचा वर्षाव झाला.

गाव तेच, विद्यापीठ तेच आणि थैली सोडणारे हातही त्याच जातकुळीचे. चाळीस वर्षांपूर्वी जो गुन्हा होता, ती आज रीत झाली. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोण मोजतो आहे, हे आज समजून घेऊ.

आपल्या कल्पनेतले कॉलेज सोडून द्या

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना म्हटला, की डोळ्यांपुढे काय येते? मैदानाच्या कडेला उभे असलेले पंचवीस-तीस मित्र, बाकावर बसलेले क्रीडाशिक्षक आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी. अमेरिकेतली विद्यापीठीय स्पर्धा समजून घ्यायची, तर हे चित्र आधी पुसावे लागेल.

मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाख सात हजारांहून अधिक माणसे बसतात. वानखेडे स्टेडियमची तिप्पट! अमेरिकेत एक लाखाच्या वर आसने असलेली आठ स्टेडियम आहेत आणि ही आठही विद्यापीठांच्या फुटबॉल संघांची आहेत. व्यावसायिक संघांपैकी एकाकडेही एवढे मोठे मैदान नाही. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, प्रतिस्पर्ध्यांना धडका देत पुढे सरकण्याचा तो अमेरिकन खेळ.

एवढी गर्दी का जमते, हे नेब्रास्का राज्याकडे पाहिले की कळते. शेतीचे, विरळ वस्तीचे हे राज्य. तिथे मोठा व्यावसायिक संघच नाही. राज्याचा अभिमान, सणवार, जत्रा जे काही म्हणाल, ते विद्यापीठाच्या संघात एकवटलेले आहे. १९६२पासून या संघाच्या घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आली आहेत. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम म्हणजे राज्यातले तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते, असे तिथे म्हणतात. ज्याने कधी कॉलेजची पायरी चढली नाही, तो शेतकरीही ‘आमचा संघ’ म्हणतो. माजी विद्यार्थी तर आयुष्यभर त्याच रंगाची टोपी घालतात आणि मुलाचा पाळणाही त्याच रंगाने सजवतात. जिथे अशी भक्ती, तिथे दानपेटी आलीच.

पैसा या खेळांना नवा नाही. अमेरिकेतली पहिली आंतरविद्यापीठीय स्पर्धा १८५२ साली हार्वर्ड आणि येल यांच्यात झाली. ती नौकांची शर्यत होती आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने केला होता. शर्यत पाहायला प्रवासी आपल्या गाडीने येतील, हा त्यामागचा हिशेब! म्हणजे पहिल्या दिवसापासून खेळ विद्यार्थ्यांचा आणि धंदा दुसऱ्याचा.

पुढे रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपण हक्कांवरची मध्यवर्ती संघटनेची मक्तेदारी मोडली. विद्यापीठे आणि त्यांचे स्पर्धागट स्वतः करार करू लागले आणि पैशाचा बांध फुटला. २०२२मध्ये ‘बिग टेन’ या एका गटाने सात वर्षांसाठी केलेला करार ७०० कोटी डॉलरहून मोठा होता. प्रशिक्षकांचे पगार कोटींत गेले. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित सर्वांत जास्त पगार गव्हर्नरला नसतो, न्यायाधीशाला नसतो, विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाला असतो.

एका शब्दाची करामत

एवढ्या पैशात खेळाडूचा वाटा किती? शिष्यवृत्ती. म्हणजे शिकवणीची फी, राहणे, जेवण, पुस्तके. ही रक्कम लहान नाही, अमेरिकेतले शिक्षण किती महाग आहे हे आपल्या अनेक पालकांना चांगले माहीत आहे. पण त्यापलीकडे एक डॉलर घ्यायचा नाही, असा दंडक होता.

हा दंडक राखणारी संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, थोडक्यात एनसीएए. तिचा जन्म चांगल्या हेतूने झाला. १९०५च्या सुमारास फुटबॉलमध्ये मुले मरू लागली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून खडसावले. त्यातून १९०६ साली ही संघटना उभी राहिली. नियम सुधारले, खेळ सुरक्षित झाला. हळूहळू मात्र संघटनेचे मुख्य काम दुसरेच होऊन बसले. खेळाडूला पैसे मिळत नाहीत ना, यावर पहारा!

१९५५ साली कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. कामावर असताना मृत्यू आला म्हणून त्याच्या पत्नीने नुकसानभरपाई मागितली. १९५७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज हा काही फुटबॉलचा धंदा नाही, असे कारण दिले. याच काळात एनसीएएने एक शब्द रूढ केला, ‘विद्यार्थी-खेळाडू’. ऐकायला किती गोड! पण संघटनेचे अनेक वर्षे प्रमुख असलेले वॉल्टर बायर्स यांनीच पुढे १९९५च्या आपल्या पुस्तकात सांगून टाकले, की खेळाडूंना कुणी नोकर ठरवू नये म्हणून हा शब्द पुढे आणला गेला. नोकर ठरले, तर पगार आला, विमा आला, भरपाई आली.

या पहाऱ्याने काय काय घडवले, त्याची दोनच उदाहरणे देतो. २०१०मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीन या खेळाडूने आपला स्वतःचा वापरलेला शर्ट हजार डॉलरला विकला. त्याला चार सामने बाहेर बसवले. त्याच क्रमांकाचे शर्ट दुकानांत सर्रास विकले जात होते आणि त्याची कमाई विद्यापीठाला मिळत होती. दुसरे उदाहरण २०१४चे. कनेटिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला, की काही रात्री मी उपाशी झोपतो. देशभर खळबळ माजली. काही दिवसांतच एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवली. हजारो प्रेक्षक ज्याच्या नावाने ओरडतात, त्या मुलाला पोटभर जेवण मिळावे, यासाठी त्याला आधी अजिंक्यपद मिळवावे लागले!

कोर्टाची पायरी

भिंतीला पहिली भेग पाडली ती एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूने. एका मित्राच्या घरी त्याने व्हिडिओ गेममध्ये स्वतःलाच खेळताना पाहिले. तोच चेहरामोहरा, तोच क्रमांक. गेम विकणाऱ्याला पैसे मिळत होते, विद्यापीठांच्या पदरात पडत होते, याला काही नाही. २००९ साली तो न्यायालयात गेला आणि २०१४मध्ये निकाल बराचसा त्याच्या बाजूने लागला.

२०१९मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की आपल्या नावाचा आणि छबीचा मोबदला घेण्यापासून खेळाडूला रोखता येणार नाही. २०२१च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध निकाल दिला, तोही नऊ विरुद्ध शून्य. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळे टिपण जोडून सुनावले, की कामगाराला बाजारभावाप्रमाणे मोबदला न देणे हेच आमच्या मालाचे वैशिष्ट्य, असे दुसऱ्या कुठल्याही धंद्याला म्हणू दिले जात नाही आणि ही संघटना काही कायद्याच्या वर नाही. दहाच दिवसांनी, १ जुलै २०२१पासून, एनसीएएने दरवाजा उघडला. खेळाडूला आपले नाव, छबी आणि ओळख यांचे पैसे घेता येऊ लागले.

यामागची कल्पना साधी होती. एखाद्या मुलीने बुटाची जाहिरात करावी, एखाद्या मुलाने गावातल्या मोटारींच्या दुकानासाठी फोटो काढून घ्यावा. तसे झालेही. आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क तर देशभर घरोघरी पोचली. २०२४चा महिलांचा अंतिम बास्केटबॉल सामना सुमारे १ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांच्या सामन्यापेक्षा ही संख्या जास्त होती आणि असे पहिल्यांदाच घडले. तिला जाहिरातदार मिळाले, हे योग्यच.

पण याच दरवाजातून दुसरे कोणी आत शिरले. माजी विद्यार्थी आणि धनिक चाहते यांनी गावोगाव मंडळे काढली. ‘कलेक्टिव्ह’ म्हणतात त्यांना. सगळ्यांनी वर्गणी काढायची आणि त्यातून खेळाडूंना पैसे द्यायचे. बदल्यात खेळाडूने कुठे स्वाक्षऱ्या द्यायच्या, कुठे समारंभाला हजर राहायचे. कागदोपत्री जाहिरात, प्रत्यक्षात पगार. यातल्या कित्येक मंडळांनी स्वतःला धर्मादाय म्हणवून करसवलतही मिळवली होती. २०२३मध्ये अमेरिकेच्या कर खात्याने सांगितले, की यातल्या बहुतेकांना धर्मादाय मानता येणार नाही.

शेवटचा टप्पा २०२५चा. ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मान्यता दिली. मागच्या काळातल्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई ठरली. आणि १ जुलै २०२५पासून विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आपले साधारण १८० कोटी रुपये. बाहेरून मिळणारा ६०० डॉलर किंवा त्यावरचा प्रत्येक करार तपासायला वेगळी यंत्रणाही उभी केली. तो खरोखर जाहिरातीचा आहे, की जाहिरातीच्या आडून दिलेला पगार, हे तिने पाहायचे.

देणारा हात

आता देणगीदारांकडे वळू. पूर्वी ते इमारती बांधून देत आणि त्यांवर आपले नाव लावत. नायके कंपनीचे संस्थापक फिल नाइट हे ओरेगन विद्यापीठाचे माजी धावपटू. त्यांच्या देणग्यांनी त्या विद्यापीठाचे क्रीडाविश्वच बदलून टाकले. युजीन गावातले हेवर्ड फील्ड हे मैदान मुख्यतः त्यांच्याच पैशातून नव्याने उभे राहिले. आपण ते दूरचित्रवाणीवर पाहिले आहे. २०२२च्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत नीरज चोप्राने तिथेच रौप्यपदक मिळवले. आपल्या बीड जिल्ह्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत तिथेच धावला. एका माणसाच्या देणगीतून विद्यापीठात जागतिक दर्जाचे मैदान उभे राहते, हे दानाचे उजळ रूप. ते नाकारण्याचे कारण नाही.

दुसरे उदाहरण तेलसम्राट टी. बून पिकन्स यांचे. त्यांनी २००६ साली ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला १६ कोटी ५० लाख डॉलर दिले. तेव्हा एवढी देणगी कोणत्याही विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला मिळाली नव्हती. गंमत अशी, की ते पैसे पिकन्स यांच्याच गुंतवणूक निधीत ठेवले गेले. २००८च्या मंदीत त्या निधीला मोठा फटका बसला आणि क्रीडासंकुलाचे काम थांबले. दात्याचा बाजार बसला, की विद्यापीठाचे मैदानही बसते.

इमारतीला दिलेल्या देणगीत आणि खेळाडूला दिलेल्या देणगीत मात्र एक फरक आहे. इमारत पन्नास वर्षे टिकते. खेळाडू दरवर्षी नव्याने विकत घ्यावा लागतो. शिवाय २०२१पासून खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे सोपे झाले आणि २०२४पासून कितीही वेळा जाता येते. त्यामुळे दर हंगामाअखेर अक्षरशः बोली लागते. देणगीदाराला वर्षातून एकदा नव्हे, सारखाच खिशात हात घालावा लागतो आणि जो सारखा खिशात हात घालतो, तो मग हिशेबही विचारतो, प्रशिक्षक कोण असावा तेही सांगतो. २०२३मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाला मुदतीआधी काढले, तेव्हा करारापोटी त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणे आले. काम न करण्याचे हे पैसे! पहिला हप्ता द्यायला देणगीदारांचीच संस्था पुढे आली.

टेक्सास टेक विद्यापीठाचे कोडी कॅम्बेल हे या नव्या युगाचे प्रतिनिधी. स्वतः तिथले माजी फुटबॉलपटू, पुढे तेल आणि वायूच्या धंद्यात श्रीमंत झाले. २०२२मध्ये त्यांनी इतरांसह मंडळ काढले आणि फुटबॉल संघातल्या शंभर खेळाडूंना प्रत्येकी २५ हजार डॉलर देऊ केले. २०२४मध्ये नायजारी कॅनडी ही सॉफ्टबॉलची अव्वल गोलंदाज स्टॅनफर्ड सोडून तिथे आली, ती वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक रकमेच्या करारावर. २०२५मध्ये तिच्या संघाने पहिल्यांदाच राष्ट्रीय अंतिम फेरी गाठली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात फुटबॉल संघाने आपल्या गटाचे पहिले विजेतेपद पटकावले. पैसे टाकले आणि फळ आले.

पण एक गोष्ट नजरेआड करू नका. हेच कॅम्बेल विद्यापीठाच्या नियामक मंडळाचेही अध्यक्ष आहेत. ज्याने विद्यापीठावर देखरेख करायची, तोच खेळाडूंच्या पैशाचा मोठा दाता. १९८७मध्ये क्लेमेंट्स यांना याच सरमिसळीबद्दल मान खाली घालावी लागली होती. आज त्यात काही वावगे आहे, असे तिथे फारसे कुणाला वाटत नाही. न्यायाने सांगायचे, तर कॅम्बेल यांनी २०२५च्या हंगामात स्वखर्चाने जाहिराती देऊन देशाला सांगितले, की ही व्यवस्था अशीच चालली, तर लहान खेळ आणि महिलांचे संघ बंद पडतील. प्रक्षेपण हक्क एकत्र विकण्यासाठी १९६१चा कायदा बदला, असा त्यांचा आग्रह आहे. शर्यतीत सर्वांत पुढे धावणाराच ओरडून सांगतो आहे, की ही शर्यत थांबवा.

बिल कोणाच्या नावावर?

आता वाटणीकडे पाहू. त्या २ कोटी ५ लाख डॉलरमधले सुमारे पाऊणशे टक्के फुटबॉलला, पंधरा टक्के पुरुष बास्केटबॉलला, पाच टक्के महिला बास्केटबॉलला आणि उरलेले पाच टक्के बाकी सगळ्या खेळांना, असे गणित अनेक विद्यापीठांनी धरले. फुटबॉल कमावतो, म्हणून फुटबॉलला जास्त, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण १९७२च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलामुलींना समान वागणूक देणे बंधनकारक आहे. त्याच कायद्याने अमेरिकेतल्या मुली मैदानावर आल्या. मग हे पैसे शिष्यवृत्तीसारखे समान वाटायचे, की बाजाराप्रमाणे? २०२५च्या जानेवारीत बायडेन सरकारने सांगितले, समान. फेब्रुवारीत ट्रम्प सरकारने ते मार्गदर्शन मागे घेतले. मागच्या भरपाईच्या वाटणीविरुद्ध काही महिला खेळाडू जूनमध्ये अपिलात गेल्या.

आणि हे पैसे आणायचे कोठून? दूरचित्रवाणीचा करार एका रात्रीत वाढत नाही. बहुतेक विद्यापीठांचे क्रीडा विभाग आधीच तोट्यात असतात. तूट भरून काढतात ती विद्यापीठे आणि विद्यार्थ्यांची फी. टेनेसी विद्यापीठाने २०२५च्या तिकिटांवर दहा टक्के ‘गुणवत्ता शुल्क’ लावले. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने २०२५च्या मार्चमध्ये पोहण्याचा आणि सूर मारण्याचा संघच बंद केला आणि त्याच्या कारणांत या तडजोडीचा उल्लेख केला. तिथले जलतरणपटू कोणा लक्षाधीशाकडे पैसे मागायला गेले नव्हते. त्यांना फक्त पाणी हवे होते.

हा केवळ एका तलावाचा प्रश्न नाही. अमेरिकेत सरकारी क्रीडा मंत्रालय नाही. तिथले ऑलिंपिकपटू घडतात ते विद्यापीठांत, तेही फुटबॉलच्या कमाईवर चालणाऱ्या पोहणे, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, धावणे अशा संघांतून. पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकट्या स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित खेळाडूंनी ३९ पदके मिळवली. त्याच स्टॅनफर्डने २०२०मध्ये ११ खेळ बंद करण्याचे ठरवले होते. माजी खेळाडूंनी आवाज उठवला, पैसे उभे करण्याची तयारी दाखवली, तेव्हा २०२१मध्ये निर्णय फिरला. म्हणजे इथेही तारले ते आपल्या माणसांनीच. पण प्रत्येक विद्यापीठाच्या मागे स्टॅनफर्डचे माजी विद्यार्थी नसतात.

दूरचित्रवाणीच्या पैशामागे धावताना भूगोलही मोडला. पश्चिम किनाऱ्यावरचा जुना ‘पॅक-ट्वेल्व्ह’ गट २०२४मध्ये फुटला. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे आज ‘अटलांटिक कोस्ट’ गटात खेळतात! नावात दहा असलेल्या गटात अठरा विद्यापीठे आहेत आणि बारा असलेल्यात सोळा. हसू येते, पण व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी सामन्यासाठी खंड ओलांडून जाते आणि परत येऊन सकाळच्या तासाला बसते, तिला हसू येत नसेल.

आणि ज्यांच्या नावाने हे सारे चालले, त्या मुलांचे काय? काहींचे खरेच भले झाले. गरीब घरातल्या मुलाने आईला घर घेऊन दिले, तर कोणाचे पोट दुखण्याचे कारण नाही. कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या शंभरांतले दोघेही पुढे व्यावसायिक होत नाहीत. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांसाठी कमाईची वर्षे हीच. पण अठरा वर्षांचे पोर आणि मुरलेला धंदेवाला यांच्यातला करार कसा असतो, हे जेडन रशाडाच्या प्रकरणात दिसले. २०२२मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळण्यासाठी त्याच्याशी १ कोटी ३८ लाख डॉलरच्या वर करार झाला. पैसे आलेच नाहीत. तो दुसऱ्या विद्यापीठात गेला, मग तिसऱ्या, मग चौथ्या. २०२४मध्ये त्याने प्रशिक्षक आणि देणगीदार यांच्यावर फसवणुकीचा दावा लावला. या धावपळीत पदवी कुठे बसवायची, हे कोणीच विचारत नाही.

आपल्या घरापर्यंतही हा विषय येतो. अमेरिकन विद्यापीठांतून खेळणाऱ्या परदेशी मुलांची संख्या वीस हजारांच्या वर आहे. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ साली एनसीएएचे एकेरीचे टेनिस विजेतेपद मिळवले. पुण्याचा अर्जुन कढे त्याच ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, जिचा मघाशी पिकन्स यांच्या संदर्भात उल्लेख आला. खेळाच्या जोरावर परदेशी शिकण्याची ही वाट आपल्याकडच्या अनेक टेनिसपटूंच्या पालकांच्या मनात असते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. विद्यार्थी व्हिसावर बाहेर कमाई करण्याला कडक मर्यादा आहेत. सलग दोन वर्षे देशातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू ठरलेल्या कॅनडाच्या झॅक ईडीलाही त्यामुळे बरोबरीच्या अमेरिकन खेळाडूंसारखी कमाई करता आली नाही. आणि दुसरी गोष्ट, कात्री पहिल्यांदा लागते ती टेनिससारख्या न कमावणाऱ्या खेळांना. आपल्या मुलांना हवी असते ती शिष्यवृत्ती, आणि तीच धोक्यात येऊ शकते.

उरलेला प्रश्न

२०२५च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी विद्यापीठीय खेळ वाचवण्यासाठी आदेश काढला. काँग्रेसपुढे विधेयके आली. खेळाडू नोकर की विद्यार्थी, हा डेनिसनच्या पत्नीने विचारलेला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

मला स्वतःला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खेळाडूंना पैसे मिळाले म्हणून खेळ बिघडला, असे अनेक जुने प्रशिक्षक म्हणतात. ते मला पटत नाही. पैसा आधीही होता. तो प्रशिक्षकाच्या, वाहिन्यांच्या, संघटनेच्या खिशात जात होता, तेव्हा कोणाला खेळ बिघडल्यासारखे वाटले नाही. घाम गाळणाऱ्याला वाटा मिळाला, हा न्यायच झाला आणि तो साठ-सत्तर वर्षे उशिरा झाला.

चूक झाली ती पुढच्या पायरीवर. विद्यापीठांनी आपण होऊन वेळेवर रास्त वाटा दिला असता, तर नियम त्यांना ठरवता आले असते. किती द्यायचे, मुलींना किती, पोहणाऱ्यांना किती, शिक्षण पूर्ण करण्याची अट काय. त्यांनी दार घट्ट लावून धरले. शेवटी न्यायालयाने ते तोडले, तेव्हा बाहेर सर्वांत पुढे उभा होता तो थैलीवाला. आता नियम तो ठरवतो. खेळाडू एका मालकाच्या हातून सुटला, पण दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

डॅलसच्या त्या विद्यापीठाला १९८७मध्ये शिक्षा झाली, ती पैसे लपवून दिल्याबद्दल. आज लपवण्याची गरज उरली नाही, हे चांगलेच झाले. पण उघड दिलेल्या पैशालाही कोणीतरी हिशेब विचारावा लागतो आणि तो विचारण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याच्याच हाती असून चालत नाही. दान घ्यावे, दात्याचे आभारही मानावेत. मैदानाची किल्ली मात्र विद्यापीठाने स्वतःच्या कमरेला ठेवावी.